नोंद ‘नवा रुग्ण’, आजार जुना: औषध-प्रतिरोधक टीबीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका रुग्णाचे आणि त्याच्याबरोबर एकाच छताखाली राहणाऱ्या कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून वय, काम आणि नात्यांचे तपशील बदलले आहेत. तपासण्यांचा क्रम, निकाल आणि घेतलेले निर्णय मात्र तसेच ठेवले आहेत.

रुग्ण ४१ वर्षांचा पुरुष, वजन ४७ किलो, पाच वर्षांपासून मधुमेह आणि त्याच्या गोळ्या अधूनमधून. खोकला आणि संध्याकाळचा ताप सुरू झाला तेव्हा त्याला लेव्होफ्लॉक्सासिन या फ्लुरोक्विनोलोन गटातल्या प्रतिजैविकाचा सात दिवसांचा कोर्स मिळाला. ताप उतरला, खोकलाही निम्म्यावर आला आणि तीन आठवड्यांत दोन्ही परत आले. मग त्याच औषधाचा दहा दिवसांचा कोर्स झाला. पुन्हा तोच अनुभव. अडीच महिन्यांनी कुणीतरी बेडका तपासायला सांगितला. सूक्ष्मदर्शकाखाली तो २+ निघाला, म्हणजे टीबीचे जिवाणू बरेच होते. एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात पोकळी होती.

टीबी उपचार केंद्रात तेव्हा पहिली तपासणी सूक्ष्मदर्शकाची असे. जीन-एक्सपर्ट (टीबीचे जिवाणू आणि रिफॅम्पिसिन औषधाचा प्रतिरोध दोन्ही दाखवणारे यंत्र) फक्त ‘आधी उपचार झालेल्या’ रुग्णांसाठी राखून ठेवलेले होते. फॉर्मवर प्रश्न होता, “पूर्वी टीबी झाला होता का?” उत्तर ‘नाही’ आले, नोंद ‘नवा रुग्ण’ अशी झाली. वजनाप्रमाणे चार औषधांच्या एकत्रित गोळ्या, रोज तीन, सुरू झाल्या: आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल.

दोन महिन्यांनी बेडका १+ होता. पोकळी मोठी आहे, मधुमेह आटोक्यात नाही, मेलेले जिवाणूही दिसत असतील, असा विचार करून पहिला टप्पा आणखी एक महिना वाढवला गेला. नमुना पुढच्या तपासणीला गेला नाही. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ताप परतला, वजन ४५ किलोवर आले, बेडका पुन्हा २+. आता कुठे नमुना जीन-एक्सपर्टवर लागला. दोन तासांच्या आत निकाल आला: टीबीचे जिवाणू मध्यम प्रमाणात, रिफॅम्पिसिनला प्रतिरोध.

खोकला सुरू झाल्यापासून या निकालापर्यंत जवळपास सहा महिने गेले होते. एवढा काळ तो त्याच खोलीत झोपत होता, जिथे घरातली आणखी पाच माणसे झोपत होती.

अडचण नेमकी कुठे होती

निकाल आल्यावर उपचार गटाने इतिहास पहिल्यापासून पुन्हा घेतला. या वेळी ‘टीबी’ हा शब्द टाळला. विचारले ते असे: कधी कोणत्याही कारणाने महिनाभराहून जास्त सलग गोळ्या खाल्ल्या होत्या का? त्या काळात लघवी केशरी-लाल व्हायची का? घरात कुणी महिनोन्महिने इंजेक्शने घेतली का?

तिन्ही प्रश्नांना ‘हो’ असे उत्तर आले. सहा वर्षांपूर्वी त्याला ‘छातीत डाग आहे’ असे सांगून गोळ्या दिल्या होत्या. लघवी लाल होते म्हणून तो तेव्हा घाबरलाही होता. ती रिफॅम्पिसिनची खूण. सुमारे दहा आठवड्यांनी बरे वाटले, कामाची जागा बदलली, गोळ्या थांबल्या. आणि त्याच घरात दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्याचा मोठा भाऊ राहत होता. त्याने बराच काळ रोज इंजेक्शने घेतली होती, ही प्रतिरोधक टीबीच्या जुन्या उपचाराची संभाव्य खूण, आणि उपचार पूर्ण होण्याआधीच त्याचा मृत्यू झाला होता.

म्हणजे अर्धवट सोडलेला जुना उपचार, प्रतिरोधक टीबी असण्याची दाट शक्यता असलेल्या माणसाचा दीर्घ सहवास, अनियंत्रित मधुमेह आणि निदानाआधी दोनदा एकट्याने दिलेले फ्लुरोक्विनोलोन. सगळे धोक्याचे घटक होते आणि कागदावर त्यांतला एकच, मधुमेह, होता.

प्रतिरोध का तयार होतो, हे इथे समजून घ्यायला हवे, कारण पुढचे निर्णय त्यावरच उभे आहेत. टीबीच्या जिवाणूंत जनुकीय बदल आपोआप होत असतात. ढोबळ हिशेब असा: दहा लाख जिवाणूंमागे एखादा आयसोनियाझिडला दाद न देणारा, दहा कोटींमागे एखादा रिफॅम्पिसिनला दाद न देणारा. फुफ्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटींच्या घरात जिवाणू असू शकतात. त्यामुळे एकच औषध दिले, तर त्याला न जुमानणारे आधीपासून तिथे असतात. बाकीचे मरतात, हे उरतात आणि वाढतात. दोन प्रभावी औषधे एकत्र असली की दोघांनाही चुकवणारा जिवाणू सापडण्याची शक्यता नगण्य होते. टीबीला एकावेळी अनेक औषधे देण्याचे मूळ कारण हेच.

या रुग्णात लेव्होफ्लॉक्सासिनचे ते सतरा दिवस म्हणजे टीबीवर एकट्या औषधाचा मारा होता. खोकला कमी झाला, कारण औषध टीबीवर काम करत होते. त्या तात्पुरत्या गुणानेच निदान लांबले. पुढचे तीन महिने गोळ्या चार होत्या, पण आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन दोन्ही निष्प्रभ असतील तर प्रत्यक्षात काम करणारी औषधे जास्तीत जास्त दोनच, तीही तुलनेने कमजोर. दुसऱ्या महिन्यातला १+ हा त्याचा परिणाम होता. जिवाणू कमी झाले होते, संपत नव्हते.

प्रमाण किती, आणि ते कुणात मोजायचे

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला. त्यांतल्या सुमारे ४ लाखांना रिफॅम्पिसिन-प्रतिरोधक किंवा एमडीआर टीबी होता. रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड या दोन्हींना दाद न देणारा तो एमडीआर. नव्या रुग्णांत हे प्रमाण ३.२ टक्के, तर आधी उपचार झालेल्यांत १६ टक्के.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की ‘आधी उपचार झालेल्यांनाच तपासा’ हा नियम शहाणपणाचा वाटतो. पण हिशेब करून पाहा. एखाद्या केंद्रात वर्षाला १००० नवे आणि २०० आधी उपचार झालेले रुग्ण आले, तर या प्रमाणाने नव्यांत ३२ आणि जुन्यांतही ३२ प्रतिरोधक निघतील. फक्त जुन्यांची तपासणी केली तर निम्मे निसटतात. शिवाय ‘नवा’ हा शिक्का ज्या प्रश्नावर अवलंबून आहे तो प्रश्नच चुकीचा विचारला जात असेल, तर आणखी निसटतात.

प्रमाणाच्या अभ्यासांबद्दलही एक सावधगिरी हवी. मोठ्या संदर्भ रुग्णालयात मोजलेले प्रमाण नेहमी फुगलेले येते, कारण तिथे उपचार फसलेलेच रुग्ण पाठवले जातात. उलट, जिथे प्रतिरोधाची तपासणी होतच नाही तिथे तो कमी असल्याचे दिसते. म्हणून आकडा वाचताना छेदात कोण आहे, सगळे रुग्ण, बेडका पॉझिटिव्ह असलेले की उपचार फसलेले, हे आधी पाहावे.

समोरचे पर्याय

एक, चालू गोळ्यांत एखादे औषध वाढवणे. फसलेल्या उपचारात एकच नवे औषध घालणे म्हणजे त्या नव्या औषधालाही एकटे पाडणे. जुन्या काळी पुन्हा टीबी झालेल्यांना स्ट्रेप्टोमायसिन वाढवून जो आठ महिन्यांचा उपचार दिला जात असे, तो जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये मागे घेतला. हा पर्याय चर्चेतच बाद झाला.

दोन, सगळ्या औषधांचे निकाल येईपर्यंत थांबणे. द्रव माध्यमातल्या कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून पाहण्याला, सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो आणि त्यानंतर औषधांची चाचणी. तोवर संसर्ग पसरत राहणार.

तीन, १८ महिन्यांचा दीर्घ उपचार. तो शक्य होता, पण रुग्णाने एकदा दहा आठवड्यांत गोळ्या सोडल्या होत्या. मुदत जितकी लांब, तितकी गळती जास्त.

चार, बेडाक्विलिन, प्रेटोमानिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन (हेही फ्लुरोक्विनोलोन) हा सहा महिन्यांचा उपचार लगेच सुरू करणे आणि फ्लुरोक्विनोलोनच्या प्रतिरोधाची तपासणी समांतर लावणे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये १४ वर्षे आणि त्यावरील रुग्णांसाठी हा उपचार सुचवला. गर्भवती व स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, तसेच मेंदूच्या आवरणाचा, हाडांचा किंवा शरीरभर पसरलेला टीबी असलेल्यांना तो लागू नाही. बेडाक्विलिन किंवा लिनेझोलिड आधी महिनाभराहून जास्त घेतले असेल तर प्रतिरोध नसल्याची खात्री लागते. इथे यांतले काही नव्हते.

चौथा पर्याय निवडला, पण एका मुद्द्यावर बराच काथ्याकूट झाला. लेव्होफ्लॉक्सासिन दोनदा झाले आहे, मग मॉक्सिफ्लॉक्सासिन द्यावे की सुरुवातीपासून तीनच औषधे द्यावीत? शेवटी ठरले की निकाल येईपर्यंत ते द्यायचे. प्रतिरोध नसेल तर एक महत्त्वाचे औषध पहिल्या दिवसापासून मिळते, असेल तर दोन आठवड्यांत काढता येते. किंमत एकच, हृदयाच्या ठोक्यावर जास्त बारीक लक्ष.

एक्सपर्टचा निकाल पुन्हा करून पाहायचा का, हाही प्रश्न आला. ज्याला धोक्याचा कोणताच घटक नाही, किंवा ज्याच्या नमुन्यात जिवाणू अगदीच कमी आहेत, त्याच्यात ‘रिफॅम्पिसिनला प्रतिरोध’ आला तर ताज्या नमुन्यावर पुन्हा तपासावे. इथे जिवाणू भरपूर होते, उपचार फसलेला होता. दुसरा नमुना घेतला तो थेट एलपीए (प्रतिरोधाचे जनुकीय बदल शोधणारी चाचणी) आणि कल्चरसाठी.

केलेली कार्यवाही

सुरुवातीच्या नोंदी अशा होत्या: हिमोग्लोबिन १०.४, ईसीजीवर क्यूटीसीएफ (हृदयाच्या ठोक्यामागचा विद्युत कालावधी, तो फार लांबला तर ठोका बिघडू शकतो) ४३२ मिलिसेकंद, एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर) १०.२ टक्के, एचआयव्ही निगेटिव्ह, यकृत व मूत्रपिंड ठीक, रंगदृष्टी व नजर ठीक. पायाच्या अंगठ्यांवर १२८ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क ठेवला तर कंपन कमी जाणवत होते. मधुमेहाने नसांना आधीच इजा केली होती. लिनेझोलिड नेमके तिथेच त्रास देते. हे पहिल्या दिवशी लिहून ठेवले नसते, तर नंतरच्या मुंग्या औषधामुळे की मधुमेहामुळे, हे सांगता आले नसते.

डोस: बेडाक्विलिन पहिले दोन आठवडे रोज ४०० मिलिग्रॅम, मग २०० मिलिग्रॅम आठवड्यातून तीन वेळा. प्रेटोमानिड २००, लिनेझोलिड ६००, मॉक्सिफ्लॉक्सासिन ४०० मिलिग्रॅम रोज. बेडाक्विलिन आणि प्रेटोमानिड जेवणाबरोबर, कारण रिकाम्या पोटी बेडाक्विलिन रक्तात नीट उतरत नाही. रिफॅम्पिसिन अर्थातच बंद. ते यकृताकडून बेडाक्विलिनचा निचरा वाढवते.

तिसऱ्या आठवड्यात अपेक्षित गोंधळ झालाच. रोजच्या सवयीने रुग्णाने बेडाक्विलिन सलग दोन दिवस घेतले. गोळ्या मोजताना ते लक्षात आले. मग सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी वेगळी पाकिटे करून दिली. आठवड्यातून तीनदा घ्यायचे औषध रोजच्या औषधांच्या डबीत ठेवू नये.

त्याच आठवड्यात पहाटे घाम आणि थरथर झाली, साखर ५४ निघाली. इन्सुलिन नुकतेच सुरू केले होते, आणि लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सासिन दोन्हीही साखर घसरवू शकतात. इन्सुलिनचा रात्रीचा डोस कमी केला.

एलपीएचा निकाल बाराव्या दिवशी आला. आरपीओबी जनुकात एस४५०एल हा रिफॅम्पिसिनच्या आणि कॅटजीमध्ये एस३१५टी हा आयसोनियाझिडच्या प्रतिरोधाचा बदल, म्हणजे एमडीआर पक्का. जीवायआरएमध्ये डी९४जी हा बदल होता, ज्यात फ्लुरोक्विनोलोनला वरच्या दर्जाचा प्रतिरोध असतो. आजार आता प्री-एक्सडीआर गटात, म्हणजे एमडीआरबरोबर फ्लुरोक्विनोलोनलाही दाद न देणाऱ्या टीबीत, गेला. तेराव्या दिवशी मॉक्सिफ्लॉक्सासिन थांबवले, बाकी तीन औषधे चालू ठेवली. क्यूटीसीएफ दोन आठवड्यांत ४७१ वर गेला होता, चौथ्या आठवड्यात ४५२ वर उतरला. बेडाक्विलिनचा प्रतिरोध कल्चरवरच तपासता येत होता. तो निकाल नंतर आला: प्रतिरोध नाही.

सर्वांत अवघड निर्णय सहाव्या आठवड्यात आला. हिमोग्लोबिन ८.२ वर घसरले, प्लेटलेट ठीक. लिनेझोलिड थांबवायचे का? या उपचारात पहिले नऊ आठवडे लिनेझोलिडचा पूर्ण डोस पोटात जाणे गरजेचे मानले जाते. त्याआधी ते कायमचे बंद झाले तर हा उपचारच सोडून दुसरा शोधावा लागतो, आणि फ्लुरोक्विनोलोन हातचे गेल्यावर दुसऱ्या उपचारात उरते फार थोडे. गटाने आठ ही मर्यादा आखली. त्याखाली गेल्यास डोस थांबणार, तोवर आठवड्यातून दोनदा रक्ततपासणी. सातव्या आठवड्यात ८.४, आठव्यात ८.६. डोस टिकला.

अकराव्या आठवड्यात तळपायांची आग झोप मोडण्याइतकी वाढली. नऊ आठवडे पूर्ण झाले होते, म्हणून लिनेझोलिडचा डोस ३०० वर आणला. झोपेसाठी अमिट्रिप्टिलिन सुचवले गेले होते, ते दिले नाही. लिनेझोलिडबरोबर सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढण्याचा धोका आणि बेडाक्विलिनबरोबर क्यूटी लांबण्याचा, असे दोन्ही बाजूंनी ते अडचणीचे होते. त्याऐवजी नसांच्या वेदनेवरचे प्रीगाबालिन दिले. अठराव्या आठवड्यात बधिरपणा घोट्याच्या वर चढल्यावर लिनेझोलिड बंद केले, बाकी दोन चालू. पायरिडॉक्सिन (बी६ जीवनसत्त्व) सुरुवातीपासून दिले होते, पण लिनेझोलिडची नसांवरची इजा त्याने थांबते असे मानून चालता येत नाही.

घरातल्यांची तपासणी

उपचार सुरू झाल्याच्या आठवड्यातच घरातल्या पाचही जणांची लक्षणे विचारली आणि एक्स-रे काढले. पत्नी, आई, नऊ आणि तीन वर्षांची मुले यांच्यात काही आढळले नाही. सतरा वर्षांचा पुतण्या, त्याच मृत भावाचा मुलगा, तीन आठवडे खोकत होता. परीक्षेच्या जागरणाने असेल म्हणून कुणी मनावर घेतले नव्हते. त्याच्या बेडक्यात तेच तीन जनुकीय बदल सापडले. त्याने आयुष्यात टीबीची एकही गोळी घेतली नव्हती. त्याला मधुमेह नाही, तो कुपोषितही नाही. त्याच्या बाबतीत धोक्याचा घटक एकच होता, ती खोली.

उरलेल्या चौघांना प्रतिबंधक उपचार द्यायचा का? एमडीआर रुग्णाच्या सहवासातल्यांना सहा महिने रोज लेव्होफ्लॉक्सासिन द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२४ ची शिफारस आहे. पण इथल्या जिवाणूंवर ते चालणारच नव्हते. द्यायचे म्हणून दिले असते, तर नुसते दुष्परिणाम आणि खोटा दिलासा. दोन वर्षे लक्षणांवर पाळत आणि ठरावीक अंतराने तपासणी, हा मार्ग घेतला. आईला हे पटायला वेळ लागला. ‘काहीच औषध का नाही’ हा तिचा प्रश्न रास्त होता, आणि तो प्रत्येक भेटीत नव्याने समजावून सांगावा लागला.

परिणाम

रुग्णाचे कल्चर पहिल्या महिन्यात पॉझिटिव्ह, दुसऱ्यापासून सलग निगेटिव्ह. चौथ्या ते सहाव्या महिन्यांत एखादे पॉझिटिव्ह आले असते तर मुदत ३९ आठवड्यांपर्यंत वाढवण्याची तयारी होती, तशी गरज पडली नाही. २६ आठवड्यांनी उपचार संपला, तेव्हा वजन ५३ किलो आणि हिमोग्लोबिन ११.६ होते. सहा आणि बारा महिन्यांनंतरची कल्चर निगेटिव्ह. पायांचा बधिरपणा कमी झाला, पण बोटांत कायम राहिला. तो आता चप्पल पायातून सुटली तरी कळत नाही म्हणून मागे पट्टा असलेले पादत्राण घालतो. पुतण्याला पहिल्या दिवसापासून तीन औषधांचाच उपचार मिळाला आणि तो विनातक्रार बरा झाला.

वेगळे काय करता आले असते

निर्णायक क्षण तीन होते. पहिला, खोकल्याला फ्लुरोक्विनोलोन देण्याआधी बेडका तपासणे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर औषधांचा हा गट टाळावा. एकाच गोळीमुळे टीबी झाकला जातो आणि राखीव औषधही वाया जाते.

दुसरा, पहिल्याच दिवशी जीन-एक्सपर्ट. सूक्ष्मदर्शक जिवाणू दाखवतो, त्याला कोणते औषध चालेल ते दाखवत नाही. मात्र नेहमीचे एक्सपर्टही फक्त रिफॅम्पिसिनबद्दल बोलते. ‘रिफॅम्पिसिनला प्रतिरोध नाही’ याचा अर्थ सगळी औषधे चालतील असा होत नाही. एकट्या आयसोनियाझिडचा प्रतिरोध त्यातून निसटतो, त्यासाठी एलपीए किंवा एक्सपर्टचेच वेगळे एक्सडीआर काडतूस लागते.

तिसरा क्षण सगळ्यांत स्वस्त होता आणि तोच हुकला: दुसऱ्या महिन्याचा १+. तेव्हा दिलेली कारणे, मोठी पोकळी, मधुमेह, मेलेले जिवाणू, खोटी नव्हती. पण त्यांतल्या कोणत्याही कारणाने प्रतिरोधाची शक्यता नाकारली जात नव्हती, आणि नमुना तर हातात होता. टप्पा वाढवायचा असेल तर वाढवावा, पण त्याच दिवशी नमुना पाठवूनच. तसे झाले असते तर प्रतिरोधाचे निदान महिनाभर आधी झाले असते.

त्यानंतर केंद्रात दोन बदल झाले. प्रत्येक नवा बेडका आधी जीन-एक्सपर्टवर जातो. फॉर्मवरचा ‘पूर्वी टीबी झाला होता का’ हा प्रश्न काढून त्या जागी चार प्रश्न आले: महिनाभराहून लांबलेल्या गोळ्या, लाल लघवी, घरात कुणाची दीर्घ इंजेक्शने किंवा छातीच्या आजाराने मृत्यू, आणि गेल्या तीन महिन्यांत खोकल्यासाठी घेतलेली औषधे, शक्य असेल तर रिकाम्या पाकिटांसह. शेवटच्या प्रश्नाला लोक नाव सांगू शकत नाहीत, पण पाकीट बहुतेक वेळा घरी सापडते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मोठ्या भावाच्या आजारपणात घरातल्यांची तपासणी झाली होती का, याची नोंद कुठेही नाही, आणि त्याचा नमुनाही जपलेला नाही. त्यामुळे रुग्णाचा प्रतिरोध भावाकडून आला की स्वतःच्या सोडलेल्या गोळ्यांतून, हे ठरवता येत नाही. आता प्रतिरोधक रुग्णाच्या घरातल्या प्रत्येकाचे स्वतंत्र पान उघडले जाते आणि त्यावर पुढच्या दोन वर्षांच्या तपासणीच्या तारखा आधीच लिहिलेल्या असतात. नऊ आणि तीन वर्षांच्या त्या दोन मुलांची पाने अजून चालू आहेत.